चालणाऱ्याकडे बघणारा डोळा कुणाचा?

आपल्या माणसांच्या चालण्यावर या देशात कायम कुणाचा तरी डोळा राहिला आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून जाताना अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा आणि गळ्यात मडके अडकवायचे. त्याच्या पावलाचा ठसा मागे राहू नये, त्याची थुंकी जमिनीवर पडू नये, म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनाबद्दल लिहिताना हे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे कोण कसा चालतो, कुठून चालतो, हे बारकाईने बघण्याची सवय या व्यवस्थेला चांगलीच होती. ते बघणे चालणाऱ्याच्या विरोधात होते, एवढेच.

आज आम्ही बघण्याच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितो आहोत. विषय ऐकून काही जण म्हणतील, हा चळवळीचा विषय आहे का? विषय असा : लकवा मारून गेलेल्या माणसाची चाल नुसत्या डोळ्यांनी कशी तपासतात, तिच्यातून काय कळते, काय कळत नाही, आणि तो बघणारा डोळा कुणाचा असतो.

आमचे उत्तर असे की हा विषय पूर्णपणे चळवळीचा आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर गावोगावी घरे जळाली, माणसे मारली गेली. १९७९ साली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांच्या सुरुवातीला जे विशी-पंचविशीत होते, ते आज सत्तरीच्या आसपास पोहोचले आहेत किंवा ती ओलांडून गेले आहेत. छत्रपती संभाजीनगर म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या वस्त्यांमध्ये फिरा. मुकुंदवाडी, उस्मानपुरा, भीमनगर, मिलिंदनगर, कुठेही जा. दारात खुर्ची टाकून बसलेला, एक हात छातीशी आखडलेला, शेजारी काठी ठेवलेला म्हातारा तुम्हाला दिसेलच. विचारा त्याला. त्यातला एखादा तरी सांगेल की मी नामांतराच्या मोर्चात होतो. ज्या पायांनी हा रस्ता तुडवला, त्या पायांकडे बघण्याची जबाबदारी कुणाची? आमच्या मते आपलीच.

आणि लकवा फक्त म्हाताऱ्यांना होतो हेही खरे नाही. वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांत कंत्राटावर रात्रपाळी करणारा, सेंट्रिंगचे काम करणारा, तंबाखू मळून भूक मारणारा चाळिशीतला माणूसही त्यात सापडतो. रक्तदाब वाढलेला असतो, पण कधी मोजलेलाच नसतो. साखर वाढलेली असते, पण गोळी सुरू करून 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडून दिलेली असते.

आमच्या गटात आम्ही सहा जण आहोत. दोघे फिजिओथेरपी शिकलेले, बाकीचे कुणी शिक्षक, कुणी कंपनी कामगार. रविवारी सकाळी बुद्धविहारात वंदना झाली की आम्ही रक्तदाब मोजतो आणि लकवा होऊन गेलेल्यांना चालवून बघतो. या कामातून जे शिकलो, ते इथे मांडतो.

आधी मूळ आजार समजून घेऊ. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळीचे प्रमाण जास्त. मेंदूचा जो भाग उपाशी राहतो, त्याच्या ताब्यातले काम बंद पडते. डाव्या मेंदूला मार बसला तर उजवी बाजू जाते आणि अनेकदा बोलणेही जाते. उजव्या मेंदूला बसला तर डावी बाजू जाते, आणि काही वेळा रुग्णाला आपल्याला डावी बाजू आहे याचेच भान राहत नाही. असा माणूस दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटत राहतो. घरचे म्हणतात, लक्ष नसतं. तो दोष लक्षाचा खराच, पण तो आजाराचा भाग आहे, हलगर्जीपणा नाही.

गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून एक एक मिनिट मोलाचे. आणि इथेच बघणाऱ्या डोळ्याचा पहिला प्रश्न येतो.

आमच्या वस्तीतले एक काका, रंगकाम करणारे. सकाळी मजूर नाक्यावर उभे होते. अचानक झोक जाऊ लागला, पाय फाकवून चालू लागले, बोलणे जड झाले, बसले ते तिथेच कलंडले. नाक्यावरची माणसे काय म्हणाली? "सकाळी सकाळीच टाकली वाटतं." तास-दीड तास ते तसेच पडून राहिले. मग कुणीतरी रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेले. तिथेही दारावरच्या माणसाने कपड्यांकडे बघितले, रंगाने माखलेल्या हातांकडे बघितले आणि म्हणाला, "उतरली की आणा." दारू काकांनी आयुष्यात घेतली नव्हती. त्यांच्या लहान मेंदूला, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाला, मार बसला होता. खरे निदान झाले तेव्हा साडेचार तास कधीच उलटून गेले होते.

त्या दोन ठिकाणी चाल कुणी बघितलीच नाही. बघितली ती जात, कपडे, वस्ती. हीच झोकांडी एखाद्या सुटाबुटातल्या माणसाची कार्यालयाच्या पायऱ्यांवर गेली असती तर? चार जण धावले असते, पाणी दिले असते, गाडी बोलावली असती. 'दलित मजूर झोकांड्या खातोय म्हणजे प्यायलेला' हा निष्कर्ष डोळा काढत नाही, तो आधीच तयार असतो. डोळा त्यावर फक्त शिक्का मारतो. म्हणून तरुणांनो, पहिला नियम हा : अचानक तोल गेला, अचानक एक पाय ओढायला लागला, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर दारूची चौकशी नंतर. आधी शेवटचे धडधाकट कधी होते ती वेळ लिहून घ्या आणि १०८ ला फोन करा. आणि एक लक्षात ठेवा, दारू प्यायलेल्या माणसालाही लकवा होऊ शकतो. दारूचा वास आला म्हणून मेंदू तपासायचा नाही, असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही.

आता माणूस वाचला, घरी आला, काठीने का होईना उभा राहू लागला. इथून दुसरे बघणे सुरू होते. ते शिस्तीचे आहे.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर टेकलेला असतो आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. टाच टेकते, तळवा बसतो, अंग पायावरून पुढे सरकते, टाच उचलते, पाय हवेतून पुढे येतो. लकव्यानंतर या साखळीतली कोणती कडी तुटली, ते शोधायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात डॉ. जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकारी फिजिओथेरपिस्टांनी या बघण्याची पद्धत बसवली. एका वेळी एकच सांधा, आणि त्या सांध्याचे प्रत्येक टप्प्यावर काय होते, अशी ती पद्धत आहे. पुढे विस्कॉन्सिन गेट स्केलसारखे तक्ते आले. त्यात लकव्याच्या रुग्णाच्या चालीतल्या १४ गोष्टी बघून गुण देतात. सगळ्यांचा गाभा एकच : एका झटक्यात 'लंगडतोय' म्हणायचे नाही, तुकडे पाडून बघायचे.

आम्ही असे बघतो. जागा सपाट, उजेडाची. माणूस आपल्या नेहमीच्या चपलेत, नेहमीच्या काठीसह, आणि जमत असेल तर मग अनवाणी. कमकुवत बाजूला एक जण हात पुढे करून तयार, पण न धरता. "काका, तुम्ही घरात जसे चालता तसेच चाला, आम्हाला दाखवायला नको." बघण्याआधी चपला उलट्या करून बघायच्या. एका चपलेचे टोक किंवा बाहेरची कड घासलेली असेल तर तो पाय घासत येतो, हे माणूस उठायच्या आधीच कळते.

मग बाजूने बघायचे. घोट्यावर नजर : टाच आधी टेकते की चवडा? चवडा आधी टेकत असेल तर पाऊल वर उचलले जात नाही. मग गुडघा : अंगाचा भार आल्यावर तो मागे धनुष्यासारखा वाकतो की पुढे मोडतो? पाय हवेत असताना वाकतो की दांडक्यासारखा ताठ राहतो? मग समोरून आणि मागून : कमरेची एक बाजू वर ओढली जाते का? धड धडधाकट बाजूला झुकते का? पाय सरळ पुढे न येता बाहेरून अर्धगोल फिरून येतो का? आपल्याकडच्या ऊसतोड घरातल्या एका मावशीने याला अचूक शब्द दिला. म्हणाल्या, "याचा पाय कोयत्यासारखा फिरतो." पाठ्यपुस्तकात पानभर लिहिलेले असते ते एवढेच.

हात विसरायचा नाही. चालायला लागल्यावर कोपर आणखी आखडते का, मूठ आणखी घट्ट होते का? तशी होत असेल तर चालण्याला किती जोर लागतो आहे, ते हात सांगतो. वेळ बघायची : लकव्याच्या पायावर माणूस क्षणभरच थांबतो आणि चांगल्या पायाने घाईत टेकतो. आवाज ऐकायचा : एक पाऊल टप्, दुसरे सर्र. वळताना बघायचे, कारण पडतात ते बहुधा वळताना. आणि चालता चालता सहज विचारायचे, "काका, नातू कितवीत आहे?" उत्तर द्यायला जो थांबतोच, त्याचे सगळे लक्ष तोल सांभाळण्यात खर्च होते आहे. त्याला गर्दीत एकटे सोडायचे नाही.

शेवटी घड्याळ. मधले १० मीटर मोजायचे, आधी आणि नंतर दोन-दोन मीटर मोकळे सोडायचे. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग, म्हणजे १० मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागले, तर त्या माणसाचे जग बहुतेक घरापुरते उरलेले असते. सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा जास्त, म्हणजे साडेबारा सेकंदांच्या आत, तर तो बाहेर बऱ्यापैकी फिरू शकतो. मधला माणूस मधल्यामध्ये : गल्लीत जाईल, पण जालना रोड ओलांडायला गेला तर सिग्नल सुटेपर्यंत अर्ध्यावरच असेल.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी. नऊवारी असो की सहावारी, साडीत गुडघा दिसतच नाही. मग तपासणारा एकतर न बघताच लिहितो, किंवा चार माणसांसमोर 'साडी वर घ्या' म्हणतो. दोन्ही चूक. आमच्या गटातली ताई आडोसा करून, घरातली मुलगी किंवा सून सोबत ठेवून, गुडघ्यापर्यंतची पँट घालायला देऊन बघते. एवढ्याशा व्यवस्थेने मावश्यांचे बघणे खरे होते. सन्मान आणि शास्त्र यांत इथे भांडण नाही.

आता या बघण्याच्या मर्यादा, कारण भक्ती आपल्याला कशाचीच करायची नाही. डोळ्याला दिसते ते लक्षण, कारण नव्हे. पाय घासतो हे दिसले. पण का? पाऊल उचलणारा स्नायू कमजोर आहे, की पोटरी ताठरली आहे, की गुडघाच वाकत नाही म्हणून पाय लांब पडतो? तिघांचे उपचार वेगळे. म्हणून डोळ्यानंतर हात लागतो : ताकद तपासणे, ताठरपणा तपासणे, स्पर्श कळतो का ते बघणे. बाजारातून पाहिजे तशी पट्टी आणून पायाला बांधली की झाले, असे नसते. शिवाय एकाच माणसाची चाल दोन जाणकारांनी बघितली तरी दोघांची नोंद पूर्ण जुळतेच असे नाही. व्हिडिओ काढून, हळू करून, पुन्हा पुन्हा बघितला तर ते बरेच सुधारते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. पण व्हिडिओ त्या माणसाला विचारून काढायचा, त्याच्या फिजिओला दाखवायचा आणि तिथेच ठेवायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमचे समाजकार्य' म्हणून टाकायचा नाही. दुसऱ्याच्या लंगडण्यावर आपला फोटो मोठा करणारा कार्यकर्ता चळवळीच्या काय कामाचा?

कुणी म्हणेल, जगात कॅमेरे आणि जमिनीत बसवलेले सेन्सर लावून चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तुम्ही डोळ्याचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे : त्या प्रयोगशाळा महाग आहेत आणि मोजक्या ठिकाणी आहेत. त्या याव्यात, सरकारी रुग्णालयात याव्यात, ही मागणी रास्तच आहे. पण तोवर मुकुंदवाडीतल्या काकांनी काय करायचे? शिस्त लावलेला डोळा फुकट आहे, शिकता येतो, आणि ज्ञान ज्यांच्यापासून शतकानुशतके लपवले गेले त्यांच्या हातात तो देता येतो. मात्र उलट टोकही नको. वस्तीतल्या पोरांनी चाल बघितली म्हणजे फिजिओथेरपिस्टची गरज संपली, असे म्हणणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे. आम्ही बघतो ते वेळेवर योग्य दारात पोहोचवण्यासाठी. १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो, ते आपल्या कराच्या पैशाचे आहे. तिथे जाणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

तसेच लकव्यावर कबुतराचे रक्त चोळणे, गंडा बांधणे, करणी उतरवणे हे अजूनही आपल्या घरांत चालते. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि कबुतर पिंजऱ्यात, हे चालणार नाही. पहिले काही महिने सरावाला सर्वांत मोलाचे असतात. ते भगताकडे घालवले तर पायाचे नुकसान होते, भगताचे नाही.

तिसरे बघणे सरकारी आहे, आणि तिथे खरी लढाई आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात आमच्या ओळखीची एक मावशी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेली. टेबलामागून सांगितले, "चाला." ती गुळगुळीत फरशीवर, भिंतीचा आधार घेत, घाम फुटेपर्यंत पाच पावले चालली. "चालता तर येतं की हो!" म्हणून टक्के कमी लागले. तिच्या घरासमोर उघडी नाली आहे, त्यावर फळी आहे. संडास गल्लीच्या टोकाला आहे. रात्री तिथे ती एकटी जाऊ शकत नाही. पाच पावलांत हे कसे दिसणार?

इथे कायदा आपल्या बाजूने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तीची व्याख्या फक्त शरीरातल्या कमतरतेवर थांबत नाही. ती कमतरता आणि भोवतालचे अडथळे मिळून माणसाला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरू देत नाहीत, असा विचार त्यात आहे. हा विचार आपल्याला परका नाही. जन्माने कुणीच अस्पृश्य नसतो, व्यवस्था त्याला तसे करते, हेच तर बाबासाहेब सांगत आले. याच कायद्यात ४० टक्क्यांची अट आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या लाभांची दारे त्या आकड्यापाशी उघडतात किंवा बंद होतात. निर्णय पटला नाही तर कलम ५९ खाली अपील करता येते. आणि संविधानाचे कलम ४१ आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. म्हणून बोर्डासमोर जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. १० मीटरला लागलेले सेकंद तारखेनिशी, आठवड्यात किती वेळा पडले याची वही, फिजिओची नोंद, उपचाराचे सर्व कागद आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट फाईलमध्ये लावा. पाच पावलांच्या बघण्याला सहा महिन्यांच्या बघण्याने उत्तर द्या.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शहरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट. लकव्याच्या रुग्णाला घरी सोडताना घरच्यांना चालण्याचा सराव मराठीत दाखवूनच सोडणे. आणि बोर्डात चाल बघताना पायऱ्या, वळण, उंचसखल जमीन आणि अंतर यांचा विचार.

बाबासाहेब स्वतः अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते काठी आणि आधार घेऊन उभे राहिले, आणि लाखो माणसे त्यांच्यासोबत धम्मात आली. त्या काठीकडे बघून कुणी त्यांची टक्केवारी काढली नाही. माणसाची किंमत त्याच्या चालीवरून ठरत नाही. पण त्याला काय लागते, हे मात्र चाल बघूनच कळते.

धम्म सांगतो, ये आणि स्वतः पाहा. चालताना मी चालतो आहे याचे भान ठेव. येत्या रविवारी आपल्या गल्लीतल्या एका काठीवाल्या काकांकडे जा. दहा मीटर मोजा, सेकंद लिहा, चप्पल उलटी करून बघा. मग पुढच्या महिन्यात पुन्हा जा. पहिला आकडा आणि दुसरा आकडा शेजारी ठेवून घरच्यांशी बोला, फिजिओशी बोला, नगरसेवकाशीही बोला.

जयभीम!